टेकायची जागा

"लाल आहे हो, अगदी लालभडक," असं आई फोनवर सांगत होती, तेव्हा चिमी खिडकीत उभी होती आणि खाली आवारातली गाडी तिला स्वच्छ दिसत होती. गाडी लाल नव्हती. एके काळी होती. वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून तिचा रंग आधी विटला, मग त्याच्यावर पांढुरकी साय धरली, आणि आता ती पित्तावरच्या औषधासारखी फिकट गुलाबी दिसायला लागली होती. टपावर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागायची.

"रविवारी संध्याकाळी बघून जा ना," असं म्हणून आईने फोन ठेवला.

"आई, ती गुलाबी आहे."

"लालच आहे. तुझ्या बाबांनी लाल घेतली होती."

"घेतली तेव्हा लाल होती."

"मग? कागदावर लालच छापलंय."

छापलेलं चुकीचं असू शकतं, हे चिमीइतकं कुणाला ठाऊक असणार? ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. पण आईच्या चुका दुरुस्त करण्याचा पगार तिला कुणी देत नव्हतं.

बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. गाडी चालवता दोघींनाही येत नव्हती. मध्ये एकदा आईकडे आली असताना चिमीने सहज विचारलं होतं, "आई, गाडीचं काय करायचं?" आईने बराच वेळ चहा ढवळला आणि म्हणाली, "विकून टाकू." म्हणजे आईला विकायची आहे, हे ठरलं. आपल्याला काय हवंय, हे चिमीने स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

गिऱ्हाईक होतं चौकातले घड्याळवाले. आणि त्यांना हवी होती लाल गाडी. चिमी आधी गॅरेजमधल्या रंगाऱ्याकडे गेली. त्याने आवारात येऊन, गाडीभोवती एक फेरी मारून असा आकडा सांगितला, की तेवढ्यात तो बहुधा सगळी इमारतही रंगवून देणार असावा. तिथून ती रंगाच्या दुकानात गेली आणि तिच्या बजेटमध्ये बसणारी एकुलती एक वस्तू घेऊन आली: घासायच्या पेस्टचा एक छोटा डबा.

"मेण नको वरून लावायला?" दुकानदाराने विचारलं.

"पुढच्या महिन्यात."

"बरं. मग ऐका. हातभर जागा घ्यायची. ओलं मऊ फडकं, त्यावर बोटभर पेस्ट. सरळ रेषेत घासायचं, भांडी घासतो तसं गोल गोल नाही. वाळली की कोरड्या फडक्याने पुसायची. फडकं लाल झालं तर घाबरायचं नाही. तो मेलेला रंग असतो. तो निघाला की खालचा जिवंत दिसतो."

चिमीने डबा पिशवीत टाकला आणि जरा घाईनेच दुकानातून बाहेर पडली.

शनिवारी सकाळी तिने बादलीभर साबणाचं पाणी करून गाडी धुतली. पुढच्या डाव्या चाकावर पाणी ओतलं आणि तिचा हात थांबला. चाकाच्या वरच्या पत्र्यावर, कमरेच्या उंचीला, उशीएवढा एक लंबगोल डाग होता. डाग कसला, सबंध गाडीवर तेवढीच जागा धड होती. गडद, तुळतुळीत लाल. आत वाकून पाहिलं तर स्वतःचा चेहरा दिसेल इतकी.

ती कसली जागा आहे, हे कळायला तिला अजिबात वेळ लागला नाही. बाबा रोज संध्याकाळी तिथे टेकून उभे असायचे. पाय एकावर एक, हात मागे, तोंड फाटकाकडे. ती कॉलेजातून यायची तेव्हा, मग नोकरीवरून यायची तेव्हा, आणि वेगळं बिऱ्हाड केल्यावर शनिवार-रविवार राहायला यायची तेव्हासुद्धा. बसमधून उतरून कोपऱ्यावर वळलं की लाल गाडी दिसायची आणि तिला टेकलेले बाबा. ती जवळ आली की म्हणायचे, "मी काही वाट बघत नव्हतो हं. पोस्टमास्तरांशी बोलत होतो."

इतक्या वर्षांच्या टेकण्याने तेवढ्या जागेवर साय धरायला सवडच मिळाली नव्हती.

चिमी वर गेली, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्र घेऊन आली, आणि ती जागा व्यवस्थित झाकून टाकली. तेवढी सोडून बाकी गाडी घासायची, असं तिने ठरवलं. पुढे काय, याचा विचार तिने केला नाही. गाडी विकल्यावर तेवढा तुकडा घड्याळवाले कापून परत देणार होते, असं थोडंच होतं?

ती बॉनेटची पहिली हातभर जागा घासत होती, तेवढ्यात पोस्टमास्तर आले. बाबांचे शेजारी आणि स्नेही. निवृत्त होऊन जमाना झाला, पण हातात पडलेलं तातडीने पोचतं करायची सवय काही सुटली नव्हती.

"काय गं चिमे, इथे जखम झाल्यासारखी पट्टी का बांधलीस?"

खरं सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि आवारात उभं राहून रडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने तोंडाला येईल ते सांगितलं. "गंज आहे काका. हात लावू नका."

"गंज! अरे बापरे," असं म्हणत पोस्टमास्तर जे वळले ते थेट जिन्याकडे.

अर्ध्या तासाने चिमी पाणी प्यायला वर गेली. दारातच आईने किंकाळी फोडली. "अगं, हाताला काय झालं? किती रक्त!"

"रंग आहे आई. मेलेला रंग."

आईने तिचा हात उलटासुलटा करून पाहिला. मग हातातलं फडकं पाहिलं. ते बाबांचं जुनं बनियन होतं. कपाटातल्या खालच्या कप्प्यात गाठोडं सापडलं होतं, त्यातलं सगळ्यात विरलेलं चिमीने उचललं होतं. 

"मऊ लागतं," चिमी म्हणाली.

"असणारच. मी धुतलेत ते." आईने पाण्याचा पेला पुढे केला. "पुरे झालं आता. कशाला जिवाचं रान करतेस? आणि गंज आहे म्हणे?"

"पोस्टमास्तर सांगून गेले वाटतं."

"किती आहे?"

एकदा बोललेलं खोटं मागे घ्यायला दुसऱ्या खोट्यापेक्षा जास्त बळ लागतं. चिमी म्हणाली, "आहे बऱ्यापैकी."

"मग घड्याळवाल्यांना सांगायलाच हवं," आई म्हणाली. "उगीच कुणाला फसवायचं नाही." आणि तिने इतक्या उत्साहाने फोन उचलला, की चिमीला आईच्या प्रामाणिकपणाचा अभिमान वाटला. फोनवर गंज चाकापासून सुरू झाला आणि दारापर्यंत पोचला. "आणि खालून तर काही विचारूच नका," आई सांगत होती.

घड्याळवाले मात्र वस्तू बिघडलेली आहे, असं ऐकलं की खुलणाऱ्या जातीचे होते. ते म्हणाले, उद्या स्वतः येऊन नीट बघतो.

झालं! आता गंज नाही हे उद्या उघड होणार, आणि पट्टी काढली की ती जागा परक्या माणसासमोर उघडी पडणार. चिमीपुढे एकच मार्ग उरला. बाकीची गाडी इतकी चकचकीत करायची, की पाहणाऱ्याचं पट्टीकडे लक्षच जाऊ नये. ती घासत सुटली. बॉनेट झालं, टप झालं, उजवी दारं झाली. एक एक बनियन लाल होत गेलं. खांदे भरून आले, बोटांची सालं निघाली. आई तासातासाला खिडकीतून ओरडत होती, "अगं, राहू दे! गुलाबीसुद्धा वाईट नव्हती दिसत!" आणि चिमीला वाटत होतं, आईला आपली किती काळजी!

रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी खरोखर लाल झाली. पाठीमागच्या डाव्या दारावर पेस्ट लावून झाली होती, ती वाळायची आणि पुसायची तेवढी बाकी होती. डबा रिकामा झाला होता. तेवढ्यात फाटकातून घड्याळवाले आत आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि खाली दुधासारखी पांढरीशुभ्र पँट.

"अरे वा! ही तर लाल आहे," ते म्हणाले.

"मी सांगितलं नव्हतं का?" आई म्हणाली. ती कितीतरी दिवसांनी खाली उतरली होती, आणि गाडीकडे पाहून तिचा चेहरा चांगलाच पडला होता. मागोमाग पोस्टमास्तरही आले.

घड्याळवाल्यांनी खिशातून घड्याळ तपासायचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि गाडीवर वाकले. बॉनेट पाहिलं. दारं पाहिली. मग पट्टीशी आले. "हाच ना तो गंज?"

"हात लावू नका," चिमी म्हणाली.

"घाबरू नका, नाजूक कामाची सवय आहे," असं म्हणत त्यांनी दुसऱ्या खिशातून चिमटा काढला आणि पट्टीचं टोक धरून ती अलगद सोलली. वर्तमानपत्र खाली पडलं.

 घड्याळवाले भिंगातून पाहत राहिले. मग भिंग काढून पुन्हा पाहिलं. "गंज कुठंय? अहो, सगळ्या गाडीत हाच तर खरा रंग आहे! इथे कुठलं पॉलिश लावलंय?"

आई पुढे झाली. त्या जागेकडे तिने एकदाच पाहिलं. "टेरिकॉट," ती म्हणाली.

"हे कुठल्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. ह्यांच्या पँटचं. रोज संध्याकाळी इथे टेकून उभे असायचे."

"हो, आमच्या गप्पा चालायच्या ना," पोस्टमास्तर म्हणाले. मग जरा थांबून खाली बघत म्हणाले, "गप्पा कसल्या! मी आपला बोलायचो. ह्याचं सारं लक्ष फाटकाकडे. चिमीची बस चुकली की माझ्यावर डाफरायचा."

चिमी बादली उचलायला वाकली. बादली रिकामीच होती, तरी तिला ती उचलायला बराच वेळ लागला.

"ते काही असो, गाडी मला पसंत आहे," घड्याळवाले म्हणाले. "कधी नेऊ?"

"आधी टेकून तर बघा," आई गोड आवाजात म्हणाली. "गाडी घ्यायची म्हणजे टेकून बघायला नको? इथे नको हं, ही जागा धरलेली आहे. तिकडे, मागच्या दाराला टेका. तिथे जास्त ऐसपैस आहे."

"आई, तिथे अजून..." चिमीने तोंड उघडलं, पण आईने तिच्याकडे असं पाहिलं, की चाळिशीची चिमी एकदम इयत्ता दुसरीत गेली.

घड्याळवाले टेकले. चांगले पाठ घासून, आरामात टेकले. उठले तेव्हा मागच्या दारावर एक स्वच्छ लंबगोल उमटला होता, आणि दाराचा सगळा मेलेला रंग त्यांच्या पांढऱ्या पँटवर गेला होता.

"अहो, हा रंग जातो!" मागे वळून बघत ते ओरडले.

"जातो ना," आई खेदाने म्हणाली. "म्हणून तर म्हणते, नीट विचार करा."

घड्याळवाल्यांना विचार करायला फाटकापर्यंतचं अंतर पुरलं. दोन्ही हात मागे धरून ते ज्या घाईने गेले, ते पाहून पोस्टमास्तरांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला घरी गेले.

"आई, मुद्दाम केलंस तू!"

"मग काय करणार? मी बिचारी त्यांना लाल सांगून बसले होते. म्हटलं, गुलाबी बघतील आणि परत जातील. तर तू घासायला बसलीस! गंज निघाला तेव्हा वाटलं, सुटले. तोही खोटा."

"पण विकायची तर तुला होती ना?"

"मला? तूच विचारलंस, गाडीचं काय करायचं म्हणून. मला वाटलं, तुला ती बघवत नाही."

चिमीने आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, चकचकीत बॉनेटकडे पाहिलं आणि मग तिला हसू यायला लागलं. ते कुठे जाऊन थांबणार हे तिला ठाऊक होतं, म्हणून आईने तिच्या पाठीवर हात ठेवेपर्यंत तिने ते रोखून धरलं.

पुढच्या शनिवारी बसला उशीर झाला. उतरून ती कोपऱ्यावर वळली आणि सवयीने तिने मान वर केली. लाल गाडी दिसली. आणि तिला टेकून कुणीतरी उभं होतं. पाय एकावर एक, तोंड फाटकाकडे. बाबांची जागा आईला फार उंच पडत होती. ती तिच्या पाठीवर कुठेतरी येत होती, त्यामुळे आई जरा अवघडून, टाचा उचलून टेकली होती.

चिमी जवळ आल्यावर आईने गाऊन झटकला. "मी काही वाट बघत नव्हते हं," ती म्हणाली. "पोस्टमास्तरांशी बोलत होते."

चिमीने वर पाहिलं. पोस्टमास्तरांच्या दाराला कुलूप होतं. ते सोमवारीच लेकीकडे राहायला गेले होते.

"काय म्हणतायत?" तिने विचारलं आणि ती आईशेजारी टेकली.