तीन बुरुजांच्या किल्ल्याची हकीकत

श्रीकुळस्वामिणी खरे बोलणाराची पाठ राखो. शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, कोणे एके मुलखी थोरले, मधले आणि धाकटे ऐशी तीन राज्ये होती. तिघांनी बेलभंडार उचलोन शपथ केली की एकावर वार तो तिघांवर वार, आणि मग धाकट्याचे घाटमाथ्यावरील किल्ल्याचे तीन बुरूज तिघांनी वाटोन घेऊन आपापली माणसे ठेविली. किल्लेदार लखमजी धुमाळ धाकट्याकडील. मनुष्य शूर, परंतु मनी किडा, की शपथेसमयी सारेच भाऊ, तोफ वाजलियावर कोण कोणाचा? इतक्यात गनीम चालोन आला आणि वकील पाठविला. वकिलाने सदरेवर थोरल्यांचे हवालदार सुभानजी काठे व मधल्यांचे जमादार दर्याखान यांजपुढे विडे ठेविले आणि बोलिला की आम्हांस धाकट्याचा बुरूज पाहिजे, तुमचे बुरुजांस गोळा लागणार नाही, स्वस्थ बसणे कबूल तर विडा उचलावा. खालचे वाडीतील बायकापोरे किल्ल्यातच होती. मग सुभानजीने विडा उचलिला, आणि लखमजीने मान खाली घातली. सुभानजीने विडा वकिलाचेच हाती ठेविला.

"हा तुम्हीच चघळा. वाटेने तोंडास चव राहील."

"आमचाही न्या," दर्याखान म्हणाला. "तुमच्या धन्याचे तोंड मोठे आहे."

मग सुभानजी लखमजीकडे वळोन बोलिला, "किल्लेदार, बुरूज वाटले. तट कोठे वाटला?"

हे ऐकोन गनीम हसला, की बोलतात ते बोलोत, परक्याचे चुलीपायी आपले घर कोण जाळितो? ऐसे म्हणोन सर्व तोफा धाकट्याचे बुरुजापुढे मांडिल्या, आणि दुसरे दोन बुरुजांसमोर पहारासुद्धा ठेविला नाही. मूर्खाने आपले काळजावरून दुसऱ्याचे मोजिले. बुरूज ढासळू लागला, आणि लखमजी भगदाडात उभा राहोन दगड रचीत डावे-उजवे पाहतो, तो दोन्ही बुरूज ओस. मनी म्हणाला, गेले. गेले होते खरे, परंतु चोरदरवाजांनी उतरोन गनिमाचे पाठीवर. दोहों अंगांनी पडोन तोफा घेतल्या, गनीम पळाला, आणि दर्याखान तोफेचे तोंडाशी कामास आला. लखमजीने त्यास खांद्यावर घेऊन गड चढविला आणि ढासळल्या बुरुजाचे पायथ्याशी कबर खणविली. कोणी विचारिले, मधल्यांचा जमादार, त्यास मधल्यांचे बुरुजाखाली का नाही? लखमजी बोलिला, "हाच त्याचा."

सारांश, लोडास टेकोन 'आपले काय गेले' म्हणणारे मुत्सद्दी तिन्ही दरबारी होते. त्यांची नावे लिहिणे म्हणजे शाई नासणे. शपथ शिपायांनी पाळिली आणि राज्ये तिन्ही राहिली. हे ज्यास रुचेना त्याने आपला बुरूज एकट्याने राखोन दाखवावा.