सूचक केळशीकर

केळशीकर काकांनी आयुष्यात कधी सरळ चहा मागितला नसेल. ते चहाचा, म्हणजे इथल्या तेहचा, ठराव मांडतात. सिंगापुरात, पासिर रिसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, आम्ही टेबलाशी बसलो की काका खुर्ची मागे सारून उभे राहतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "उपस्थित सदस्यांसाठी दोन तेह, एक कोपी आणि एक लिंबाचं सरबत मागवावं, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन?" कुणीतरी "अनुमोदन" म्हणेपर्यंत ते बसत नाहीत. स्टॉलवरचा म्हातारा चिनी अंकल सुरुवातीला "अंकल, ऑर्डर ऑर नॉट?" म्हणून खेकसायचा. काका त्याला हाताने थांबवायचे. "वेट. नो सेकंडर येट." आता तो बिचारा काका उठताना दिसले की स्वतःच "सेकंड, सेकंड!" म्हणतो आणि दूध ओतायला लागतो.

तर हे केळशीकर काका आमचे जिल्हा शिक्षणाधिकारी आहेत. जिल्हा म्हणजे सिंगापुरातल्या मराठी मुलांसाठी दर शनिवारी भरणारी आमची हौशी शाळा. केंद्रं दोनच. एक नोव्हेनाला, डॉक्टर प्रधानांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, आणि दुसरं पासिर रिसला, काका राहतात त्याच ब्लॉकच्या तळमजल्यावर, रहिवाशांसाठी ठेवलेल्या खोलीत. याला शाळा म्हणतानाही आमची जीभ जरा अडखळते, पण काका जिल्हाच म्हणतात. "सचिव, जिल्ह्यातली परिस्थिती समाधानकारक आहे," असा त्यांचा मेसेज शनिवारी दुपारी आला, की समजायचं मुलं आली होती आणि कुणी रडलं नाही.

सचिव मी. एका सभेत मी पाणी प्यायला उठले आणि परत येईपर्यंत सर्वानुमते निवडून आले होते. सूचक अर्थातच केळशीकर.

काका नोकरीत असताना बँकेत होते. बाकीचे नियम पाळतात की नाही, हे बघणाऱ्या खात्यात. निवृत्तीनंतर खातं सुटलं, बघणं सुटलं नाही, आणि ते सगळं आमच्या वाट्याला आलं. आमच्या समितीत माणसं चार. अध्यक्ष डॉक्टर प्रधान, खजिनदार कुलकर्णी, मी आणि काका. कुलकर्णी आयटीतले, शनिवारीही कानात ती पांढरी इअरफोनची बोंडं घालून ऑफिसच्या कॉलवर. डॉक्टर भले गृहस्थ, पण कायम पुढच्या पेशंटच्या घाईत. त्यामुळे सभेला बऱ्याचदा मी आणि काका दोघंच. तेव्हा काका घड्याळ बघून जाहीर करतात, "गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल." मग आम्ही दोघं समोरासमोर गप्प बसतो. बोलायचं नाही, कारण सभा तहकूब आहे. मी एकदा पिशवीतून चकली काढली तर म्हणाले, "तहकुबीत अल्पोपाहार नसतो."

मुलांची सहल पुलाउ उबीन बेटावर नेली होती, तेव्हा धक्क्यावर बोटवाल्याने सांगितलं, पुरेशी माणसं जमल्याशिवाय बंबोट, म्हणजे ती छोटी लाकडी बोट, सुटणार नाही. आमच्यात दोन माणसं कमी पडत होती. ऊन मी म्हणत होतं, मुलं कावली होती, कुलकर्णी उरलेल्या दोन जागांचे पैसे द्यायला निघाले. काकांचा चेहरा मात्र उजळला होता. "बघा! याला म्हणतात गणपूर्ती! कुणी शिकवलं याला?" सायकलवाले दोघे येईपर्यंत ते त्या बोटवाल्याकडे अशा काही प्रेमाने बघत होते, की मला वाटलं आता त्याला उपाध्यक्ष करतात.

जिल्ह्याचं उत्पन्न म्हणजे गणपतीत लागणारा आमचा बटाटेवड्यांचा स्टॉल. खडू, पुस्तकं, खोलीचं भाडं, सगळं त्या तेलावर चालतं. काका त्याला अनुदान म्हणतात. एका वर्षी माझ्या हातून मीठ जास्त पडलं. इतिवृत्तात नोंद आहे, "तांत्रिक कारणाने अनुदानात घट."

आणि निकाल? वार्षिक तपासणीला काका इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येतात. एकदा त्यांनी एका मुलाला विचारलं, "बाळ, वाघ काय खातो?" मुलगा म्हणाला, "झूमध्ये तो मटण खातो, लाह." काकांनी थोडा विचार केला आणि निर्णय दिला, "शेवटचा प्रत्यय वगळता उत्तर बरोबर. उत्तीर्ण."

या सगळ्याला आवर घालणारं माणूस एकच होतं, शैलाकाकू. शाळा मुळात त्यांनी काढली. पासिर रिसची पहिली त्यांनी वर्षानुवर्षं शिकवली, आणि सभेला त्या मागच्या रांगेत वह्या तपासत बसायच्या. काकांचं भाषण लांबलं की मान वर न करता म्हणायच्या, "अनुमोदन. बास आता." काका वाक्याच्या मधोमध खाली बसायचे. कुठल्या विषयाला अनुमोदन मिळालं, हे बऱ्याचदा त्यांनाही कळलेलं नसायचं.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगाचा झटका आला. आम्ही फळं घेऊन गेलो, तर काकांनी दारातच गाठलं. "प्रकृतीत सुधारणा आहे. नोंद घ्यावी." आत बोलावलं नाही. आम्ही नोंद घेऊन परत आलो.

त्यानंतर पासिर रिसचा वर्ग काका स्वतःच घेऊ लागले, आणि त्यांचे ठराव वाढले. लिफ्टमध्ये अनोळखी मलाय बाईंना दहावा मजला सुचवून अनुमोदन मागायचे. आम्ही हसायचो. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, मी त्यांना एकट्यानेच ठराव पुटपुटताना पाहिलं होतं, तेही मी घरी रंगवून सांगितलं होतं.

अशात डॉक्टरांनी सभेत विषय काढला. "पासिर रिसची मुलं कमी झालीत. दोन कुटुंबं पुण्याला परत गेली. आपल्या घटनेत आहे ना, पट आठाच्या खाली गेला की केंद्र बंद? मग ते नोव्हेनात विलीन करून टाकू."

हे कलम लिहिलं होतं काकांनीच. ते उभे राहिले. "पट आठ आहे."

"मला तर सात कळले."

"आठ."

"काका, बोगस पट नाही ना दाखवत?" डॉक्टरांनी गमतीने विचारलं. आम्ही सगळे हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःच ठराव मांडला, "पटपडताळणी व्हावी. अधिकारी, सचिव." आणि म्हणून पुढच्या शनिवारी मी नोव्हेनाहून निघून, लेकीला, ईराला, बरोबर घेऊन पासिर रिसला पोचले.

मुलं बसली होती. मी मोजली. आठ! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. मग लक्षात आलं, आठवी माझीच ईरा, जी उगाच पहिल्या रांगेत जाऊन बसली होती. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "पाहुण्यांना पटावर धरत नाहीत." म्हणजे सात. स्वतःचा गळा स्वतःच कापणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी मनातल्या मनात अहवालातलं वाक्य जुळवायला लागले.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. एका हातात काठी, दुसरा हात अंगाशी धरलेला, शैलाकाकू आत आल्या. मुलं एका सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग, काकू!" मागच्या रांगेतली एक छोटी मुलगी सरकली, काकू तिच्या शेजारी बसल्या, आणि त्यांनी दप्तरातून पहिलीचं पुस्तक काढलं.

काकांनी हजेरी सुरू केली. मुलं पटापट "हजर" म्हणत गेली. शेवटचं नाव त्यांनी त्याच आवाजात घेतलं. "शैला केळशीकर."

काकूंचे ओठ हलले. काही आलं नाही. कुणी हललं नाही. एरवी मिनिटभर गप्प न बसणारी ती पोरं हाताची घडी घालून थांबली होती. ईरा मदत म्हणून काहीतरी बोलायला गेली, तर शेजारच्या मुलाने तिला कोपर मारलं. "डोंट गिव्ह हर द वर्ड, लाह. शी मस्ट फाइंड."

"ह," काकू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "जर."

"हजर," काकांनी नोंद केली. "पट आठ."

वर्ग सुटल्यावर बाहेरच्या मोकळ्या तळमजल्यावर मी काकांना गाठलं. मला रागही आला होता. एवढं सगळं झालं आणि आम्हाला सांगायचं नाही?

"तिला कुणी बिचारी म्हटलेलं चालणार नाही," काका म्हणाले. "झटक्यानंतर इंग्रजी पार गेलं. मराठीही गेलं, पण हाक मारली की थोडं थोडं येतं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातली ती बोलायला शिकवणारी थेरपिस्ट मुलगी गुणी आहे हो, पण तिला 'क' कुठून येणार? या अख्ख्या बेटावर 'क'पासून सुरुवात कुठे करतात? इथेच. तिच्याच वर्गात."

"मग नोव्हेनाच्या केंद्रात या ना. तिथेही पहिली आहे."

"नोव्हेना म्हटलं की ती तोंडच मिटते. तिथे ती पेशंट आहे." त्यांनी आत बघितलं. ती छोटी मुलगी काकूंच्या दप्तराची चेन लावून देत होती. "इथे ती पटावर आहे."

मग म्हणाले, "घरी मी रोज ठराव मांडतो. भाजीचा, टीव्हीचा. ती मान हलवते. पण मान हलवलेली अनुमोदनात धरत नाहीत." मला रडू आलं, हे सरळच सांगते. ती लिफ्ट आणि ते एमआरटीतलं पुटपुटणं, ज्यावर मी घरी टाळ्या मिळवल्या होत्या, ते सगळं मला तिथे उभ्याउभ्या आठवलं.

पुढची सभा पासिर रिसलाच घेतली, वर्ग सुटल्यावर. काका काकूंना म्हणाले, "चल, तुला वर सोडून येतो." काकूंनी मान हलवली, नाही, आणि मागच्या रांगेत बसून राहिल्या. डॉक्टर त्यांना बघून उठलेच, पण त्यांनी काठीनेच खूण केली, बसा.

मी अहवाल दिला. "पट आठ. पडताळणी झाली." आणि आयुष्यात पहिल्यांदा उभी राहून म्हणाले, "पासिर रिस केंद्र आहे तिथेच चालू ठेवावं, असा ठराव मी मांडते."

"अनुमोदन?" डॉक्टरांनी विचारलं. ते स्वतः अध्यक्ष, त्यांना देता येईना.

"मला देता येणार नाही," काका म्हणाले. "माझा हितसंबंध आहे."

कुलकर्णी खिडकीशी कॉलवर होते. "येस, येस," ते जोरात म्हणाले.

"झालं! अनुमोदन मिळालं!" मी म्हणाले.

"हरकतीचा मुद्दा," काका उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता, पण उभे राहिले. "त्यांचं 'येस' ऑफिसला होतं. धरता येणार नाही."

मी कुलकर्ण्यांच्या कानातलं ते बोंड उपटायला निघाले, एवढ्यात मागून आवाज आला.

"अनु."

डॉक्टर मदतीला तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्यांचा हात दाबला. आम्ही थांबलो. काकू फळ्याकडे बघत होत्या, जणू तिथे तो शब्द कुणी लिहून ठेवलाय.

"मो. दन."

काकू आजीव सदस्य, तेव्हा अधिकार होताच. पण काकांच्या सहवासात मीही आता नियम शिकले आहे. हितसंबंध त्यांचाही होता. मी हरकतीच्या मुद्द्याची वाट बघत काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसत होते. पुसून झाला, तरी पुसत होते.

"ठराव मंजूर," डॉक्टर म्हणाले.

"अध्यक्ष महाराज," काका म्हणाले, "अनुमोदन इतिवृत्तात घ्यायचं आहे. मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा एकदा घ्यावं लागेल."

काकूंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते, वह्या तपासतानाची.

"बास," त्या म्हणाल्या. आणि मग, "आता."

काका पुढच्या वाक्याच्या मधोमध खाली बसले. त्या दिवशी त्यांनी आयत्या वेळचे विषय घेतलेच नाहीत.