सत्तावीस पडद्यांवर रागिणी

एकच वस्तू पाहिली तर ती दिसते. दोन शेजारी ठेवून पाहिल्या तर त्यातली एक वाईट दिसते. आजचा सगळा बाजार या शोधावर उभा आहे, आणि त्याचं सर्वांत शुद्ध रूप पाहायचं असेल तर टीव्हीच्या दुकानात जावं. घरी एकटा असलेला टीव्ही कधीच वाईट नसतो. तो वाईट आहे हे कळायला भिंतभर टीव्ही लागतात, त्यांच्यासमोर उभा राहायला एक जाणकार लागतो आणि त्या जाणकाराकडे भरपूर वेळ असावा लागतो. माझ्याकडे आहे. मी अकोल्याला राहतो आणि निवृत्त आहे.

माझे साडू गोवर्धनभाऊ भातकुलीजवळ फुलांची शेती करतात. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. त्यांचा टीव्ही यंदा पोळ्याच्या सुमारास अर्धा गेला, म्हणजे उजवी बाजू काळी पडली आणि डावी चालू राहिली. त्यामुळे कोणाचं फारसं अडलं नव्हतं. (वाद घालणाऱ्या चौघांपैकी दोघंच दिसू लागल्याने बातम्या तर सुधारल्याच.) अडचण आली ती रागिणीमुळे.

रागिणी त्यांची धाकटी मुलगी. अमरावतीच्या कबड्डी संघात चढाई करते. यंदा संघ राज्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना नाशिकला, रविवारी चार वाजता, आणि खेळाच्या चॅनेलवर थेट दाखवणार होते. गोवर्धनभाऊंनी मुलीचा खेळ आजवर एकदाही पाहिलेला नव्हता. तिचे सामने नेमके फुलांच्या दिवसांत येतात, आणि दसऱ्याच्या तोंडावर झेंडू सोडून नाशिकला जाणारा माणूस भातकुलीकडे सापडत नाही. याचं त्यांना मनातून वाईट वाटत असे. मुलीलाही वाटत असे. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, या खेपीले तरी मले पाहजा."

अर्ध्या टीव्हीवर कबड्डी पाहता येत नाही. चढाईला गेलेली पोरगी मधली रेष ओलांडून उजवीकडे शिरली की घरातून नाहीशी होणार. तेव्हा नवा टीव्ही घ्यायचं ठरलं आणि जाणकार म्हणून मला बोलावणं आलं. गेल्या वर्षी मी स्वतः एक टीव्ही घेतला होता, एवढी पात्रता आमच्या नात्यागोत्यात पुरते.

वऱ्हाडात खरेदीचा एक अलिखित नियम आहे. अमरावतीच्या माणसाने वस्तू अमरावतीत पाहावी व अकोल्यात घ्यावी. अकोल्याच्या माणसाने उलट करावं. याने दोन्ही शहरांतले दुकानदार सारखेच नाराज राहतात आणि समतोल टिकतो. आम्ही दोन्ही शहरांत पाहायचं ठरवलं. (या फेऱ्यांच्या वेळात नाशिकला जाऊन सामना पाहून परत येता आलं असतं, असं माणिकबाई, म्हणजे रागिणीची आई, एकदा म्हणाल्या. त्यांना तुलनेचं शास्त्र माहीत नाही.)

अमरावतीतल्या पहिल्याच दुकानात गोवर्धनभाऊंनी आपली योग्यता दाखवली. दुकानातल्या टीव्हींवर जगभर जे दाखवतात तेच चालू होतं: पोपट, कापलेलं कलिंगड, परदेशातलं एक शहर आणि चमच्यावरून ओघळणारा मध. हा मध कोणत्याही घरात, कोणत्याही चॅनेलवर, कधीही दाखवला जात नाही, तरी टीव्ही त्याच्यावर पारखून घेण्याची पद्धत आहे. गोवर्धनभाऊंनी मधाकडे पाहिलं आणि विक्रेत्याला खालचं चित्र दाखवायला सांगितलं. त्याला कळेना. मग मी समजावून दिलं की झेंडूच्या पोत्यात वर टपोरी फुलं लावतात आणि बारीक, ओली, पिचलेली खाली घालतात. गोवर्धनभाऊ स्वतः तशीच भरतात, म्हणून ते कोणाचंही वरचं पाहत नाहीत. तुमच्या टीव्हीचं सर्वांत वाईट चित्र काढा, ते आम्हाला चाललं तर घेऊ. विक्रेत्याने कोणतंसं गावठी केबल लावून दिलं. त्यात एक मसाल्याची जाहिरात धुक्यातून दिसत होती. गोवर्धनभाऊंनी सगळे टीव्ही या धुक्यावर तपासले. कोणाचं धुकं जास्त स्वच्छ आहे, यावर तासभर गेला.

रंगासाठी त्यांची वेगळी व्यवस्था होती. सकाळी तोडलेला एक केशरी झेंडू ते सदऱ्याच्या खिशात घालून आणत आणि पडद्याला टेकवून धरत. अमरावतीचे सगळे टीव्ही त्या फुलापुढे फिके ठरले. मग तोच झेंडू खिशात घेऊन आम्ही एसटीने अकोल्याला आलो. मूर्तिजापूर येईपर्यंत फूल मलूल झालं आणि अकोल्याला पोचेपर्यंत तपकिरी. त्याच्यापुढे अकोल्याचे सगळे टीव्ही भडक ठरले. वास्तविक दोन्हीकडे कंपन्या त्याच होत्या आणि मॉडेलंही तीच. यावरून शहराच्या हवेचा चित्रावर परिणाम होतो, हे सिद्ध झालं.

याच काळात मी थोडी पाहणीही केली. टीव्हीच्या दुकानात येणाऱ्या शंभर पुरुषांपैकी नव्वद पुरुष टीव्हीच्या मागे वाकून पाहतात. मागे काय असतं ते त्यांना माहीत नसतं, पण पाहिल्यावर ते मान हलवतात. उरलेले दहा पडद्यावर टिचकी मारतात. काळा रंग किती काळा आहे, यावर विक्रेते फार बोलतात. अकोल्याच्या दुकानात कुंदन नावाचा एक नम्र विक्रेता होता, त्याने एक टीव्ही दाखवून सांगितलं की काका, यातला काळा रंग अगदी खोल आहे. गोवर्धनभाऊ म्हणाले की काळं आमच्या वावरात भरपूर आहे, उजेडाचं सांग.

अशा रीतीने शुक्रवारपर्यंत दोन टीव्ही उरले. दोन्ही कुंदनच्याच दुकानात, एकाच आकाराचे, शेजारी शेजारी लटकलेले. कुंदन म्हणाला, आज ठरवा, उद्या संध्याकाळी भातकुलीला भिंतीवर लावून देतो; परवा सामना घरी बसून पाहा. माणिकबाई तोपर्यंत दुकानातल्या फ्रीजला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कोणताई घ्या. मले पोरगी दिसली म्हणजे झालं."

मातेच्या भावनेचा योग्य तो आदर राखून ही सूचना बाजूला ठेवण्यात आली. माझा मुद्दा साधा होता. टीव्ही कशासाठी घ्यायचा? रागिणीच्या सामन्यासाठी. मग तो कशावर तपासला पाहिजे? मधावर नव्हे, पोपटावर नव्हे, रागिणीच्या सामन्यावर. सामना कधी आहे? रविवारी. म्हणजे रविवारच्या आधी टीव्ही घेणं ही घाई ठरते. गोवर्धनभाऊंना हे पटलं. रविवारी चार वाजता सामना दुकानातच, भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर लावायचा, म्हणजे तुलना पूर्ण होईल, असं ठरलं.

रविवारी पहाटे झेंडू तोडून, पोती रोहितच्या, म्हणजे मुलाच्या, हवाली करून दोघं नवरा-बायको अकोल्याला आले. माणिकबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. भिंतीवर सत्तावीस टीव्ही होते आणि चार वाजता सत्तावीस रागिणी निळ्या मॅटवर उतरल्या. गोवर्धनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना पुसायला लावलं, कारण ओल्या डोळ्यांनी चित्राची धार कळत नाही.

मग कामं वाटून घेतली. मॅटचा निळा रंग गोवर्धनभाऊंकडे. हालचालीत चित्र फाटतं का, ते माझ्याकडे. कातडीचा रंग माणिकबाईंकडे, कारण पोरगी मुळात किती सावळी आहे हे आईलाच माहीत. रिमोट कुंदनकडे. आवाज बंद ठेवला, कारण तुलना चित्राची होती. वॉशिंग मशीन पाहायला आलेली काही माणसंही आमच्यात सामील झाली आणि थोड्याच वेळात त्यांच्यात दोन तट पडले. एक विशेष गोष्ट माझ्या लक्षात आली. वरच्या रांगेचं चित्र खालच्या रांगेपेक्षा दोन-तीन सेकंद पुढे धावत होतं. वरच्या रांगेत रागिणी एकदा बाद होऊन बाहेर बसली, तेव्हा खालच्या रांगेत अजून खेळत होती. त्यामुळे खालच्या रांगेला एक गुण जास्त देण्यात आला.

शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते. रागिणी शेवटच्या चढाईला निघाली. नेमक्या याच वेळी माझ्या लक्षात आलं की आपण टीव्हीचं 'सिनेमा' नावाचं सेटिंग तपासलेलंच नाही. मी कुंदनला सांगितलं. त्याने बटण दाबलं आणि एकाच रिमोटवर चालणाऱ्या सत्तावीसही पडद्यांच्या मधोमध एक मोठी चौकट आली: उजेड सत्तर, रंग पंचावन्न, धार दहा. माणिकबाई म्हणाल्या, ती खिडकी काढा, पोरगी झाकून राहिली. मी म्हटलं, एक मिनिट. उजेड ऐंशी केला. रंग साठ. गोवर्धनभाऊ निळ्याला झेंडू लावून पाहत होते. चौकट गेली तेव्हा जाहिरात लागली होती. जाहिरात दोन्ही टीव्हींवर उत्तम दिसली. तेवढ्यात दुकानाच्या मालकाने रिमोट मागून घेतला आणि भिंतीवर पुन्हा पोपट आले.

निर्णय एकमताने झाला. खालच्या रांगेतला दुसरा. कुंदन पावती करत असतानाच रागिणीचा फोन आला. गोवर्धनभाऊंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"बाबा, पाहिलं काय?"

"पाहिलं ना, माय. सत्तावीस टीव्हींवर पाहिलं."

"मंग सांगा, शेवटची चढाई कशी झाली?"

गोवर्धनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंदनकडे पाहिलं. कुंदन पावतीकडे पाहत राहिला.

"खालच्या रांगेतल्या दुसऱ्यावर तू लय साफ दिसून राहिली होती," गोवर्धनभाऊ म्हणाले.

मग रागिणीने विचारलं, "बाबा, तुमी मले पाहून राहिले होते का टीव्हीले?"

गोवर्धनभाऊ खिशातला झेंडू चाचपू लागले. माणिकबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्या दुकानाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन बोलल्या. मले तू दिसलीच नाही, बाई, असं त्या म्हणाल्या आणि रडल्या. भर बाजारात रडणं मला बरं दिसलं नाही.

अमरावती तीन गुणांनी जिंकली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळलं. शेवटच्या चढाईत रागिणीने दोघींना बाद केलं होतं, आणि परत येताना तिचा एक हात रेषेला पोचला तेव्हा तिसरी तिच्या पाठीवर होती, म्हणून तीही बाद ठरली. सोबत फोटो होता, काळा-पांढरा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात काळा रंग चांगला उतरला होता.

टीव्ही आता भातकुलीला भिंतीवर आहे. चित्राबद्दल आजवर एकही तक्रार नाही. दसऱ्याला रागिणी घरी आली, तिने तो पाहिला आणि चांगला आहे म्हणाली. सामन्याविषयी ती घरात बोलली नाही. गोवर्धनभाऊ दर रविवारी चार वाजता खेळाचं चॅनेल लावून बसतात. तो सामना पुन्हा दाखवतील अशी त्यांना आशा आहे. मी त्यांना सांगितलं आहे की तसं झालंच तर मला आधी फोन करा, 'सिनेमा'ची तपासणी अर्धवट राहिली आहे. अलीकडे माझ्याशी ते तसे कमीच बोलतात.

ही पद्धत फक्त आमच्या वऱ्हाडातली आहे असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. तुमच्यातही उत्तम जाणकार आहेत. मागच्या गॅदरिंगला तुमचं पोर नाचत होतं तेव्हा तुम्हीच पहिल्या रांगेत उभे होता, मोबाइल डोक्यावर धरून, उजेड कमी-जास्त करत. मागच्यांना काही दिसत नव्हतं, पण तुमचं चित्र स्वच्छ आलं, यात मला शंका नाही. घरी आल्यावर पोराने तुम्हाला विचारलं असेल, मी कसा नाचलो. आणि तुम्ही म्हणाला असाल, थांब, पाहून सांगतो.