लिलाधरची राखण

त्या सकाळी लिलाधरचा चहा टेबलावरच गार झाला. साकोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारा हा माणूस. सर्व्हर एकच, त्यावर काम करणारी पोरं ढीगभर, आणि आज प्रॅक्टिकलची परीक्षा! प्राचार्य जागेश्वर सरांनी कालच बजावलं होतं, "लिलाधर, उद्या सर्व्हर अडकला तं तुमच्या जागी दुसरा माणूस पाहाव लागन."

म्हणून त्यानं एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून ठेवली होती. कोण लॉगिन आहे, कोणाचं काय चालू आहे, हे तिनं सारखं तपासायचं आणि सर्वांत जास्त भार टाकणाऱ्याला सरळ बाहेर काढायचं. गडी मुळातच राखणीचा! नागपूरला शिकणाऱ्या लेकीला, चंदालाही, त्याचा उठसूट फोन असायचा, "कुठं आहेस? काय करून राहिली?" ती बिचारी "होस्टेलवर" म्हणून फोन ठेवायची.

परीक्षा सुरू झाली आणि सर्व्हर रेंगाळू लागला. स्क्रिप्ट झोपली की काय, असं वाटून लिलाधरनं ती पुन्हा चालू केली. सर्व्हर आणखी मंदावला. त्यानं पुन्हा चालू केली. आधीच्या साऱ्या मागे चालूच होत्या आणि आता भार त्यांचाच होता, हे घाबरलेल्या माणसाला कोण सांगणार? जणू धानाच्या शेतात राखणदारच इतके उतरले की धान तुडवलं जाऊ लागलं.

"सर, हालूनच नाही राहिलं!" कवडू नावाचा विद्यार्थी ओरडला.

जागेश्वर सर दारात येऊन उभे राहिले. "काय करून राहिले, लिलाधर?"

"चोर शोधून राहिलो, सर."

तेवढ्यात स्क्रिप्टला चोर सापडला. पडद्यावर नाव आलं, लिलाधर!

"अरे, मले काहून?" तो पुटपुटला, तोवर स्क्रिप्टनं त्याला बाहेर काढलंसुद्धा, आणि त्याच्यासोबत त्यानं चालू केलेल्या साऱ्या स्क्रिप्टही गेल्या.

"चालू झालं, सर!" कवडू हरखला. लॅबभर कीबोर्ड खडखडू लागले.

"वा! काय केलं तुम्ही?"

"काहीच नाही, सर," लिलाधर खरं तेच बोलला.

"मंग पुढच्या वर्षीही हेच करा," म्हणत सर निघून गेले.

नोकरी वाचली, पण पडद्यावरचं आपलं नाव लिलाधरच्या डोळ्यांपुढून हलेना. चंदाला फोन लावायला दिवसभर हात सवयीनं जायचा आणि परत यायचा.

संध्याकाळी फोन वाजला. चंदा होती. एरवी ती कधी आपणहून फोन करत नसे.

"बाबा, कुठं आहा? काय करून राहिले? दिवसभर फोन नाही, मले घोर लागला ना!"

लिलाधर फोन कानाशी धरून खाली बसला. "काही नाही बेटा. तू सांग."

आणि चंदा कितीतरी वेळ सांगत राहिली.