गालातलं मेण

मासे फसवायची ती तित्तराच्या पिसाची खोटी माशी बांधावी तर आमच्या व्हार्फ नदीकाठी फक्त मीच! गळावर नारिंगी रेशमाचे वेढे, मानेशी मऊ पिसाचे दोन फेरे, बस्स! हातात धरली तर काडीकचरा. पाण्यात सोडली की पीस मिटतं, उमलतं, झोपलेल्या बाळाच्या छातीसारखं हलतं. ट्राउट मासळी बिचारी फसते. मी मासा असतो, तर मीसुद्धा फसलो असतो!

तरी आमच्या दरीतल्या गळवाल्यांच्या मंडळात मला जागा मिळत नव्हती. कुणी वर गेल्याशिवाय तिथं खुर्ची रिकामी होत नाही. दोनदा माणसं वर गेली, दोनदा प्रमुख अंब्रोज हॉर्नर म्हणाले, "एझ्रा नको. तो बोलतो."

यंदाच्या वसंतात पुन्हा एक जागा झाली. परीक्षा ठरलेली: नदीकाठी बसून नुसत्या हातांनी माशी बांधायची आणि हॉर्नरसाहेबांसमोर मासा काढायचा.

"हात चालव, एझ्रा," बायको म्हणाली. "जीभ घरी ठेवून जा."

"हेस्टर, मी आणि बडबड? अगं, आपल्या लग्नात पाद्रीबुवासुद्धा म्हणाले होते—"

"झाला सुरू!"

सकाळ अशी गार, की मेंढ्यांचे दात वाजत होते. रेशमाला लावायचं मोच्याचं मेण तर दगड झालेलं. अशा वेळी आमच्याकडे मेणाचा खडा गालात धरतात; ऊब लागली की तो नरमतो. वाटाण्याएवढा पुरतो. मी धास्तीनं अक्रोडाएवढा कोंबला!

मेण नरमलं. इतकं नरमलं, की वरची कवळी खालच्या कवळीच्या गळ्यात पडली. सासरी निघालेल्या बहिणींसारख्या दोघी एकमेकींना सोडेनात!

"पीस कसलं?" हॉर्नरसाहेबांनी विचारलं.

"म्म्."

"तित्तराचं?"

"म्म्."

त्यांची एक भुवई वर गेली. "टाकणार कुठं?"

मी हनुवटीनं खडकामागचं संथ पाणी दाखवलं. माशी उतरली, प्रवाहाबरोबर वळली, पीस उमललं आणि दोरी ताणली! एरवी मासा लागला की मी तीन गावांना कळवतो. आज मात्र ओठ मिटून, डोळ्यांतून पाणी गाळत, मासा गुपचूप जाळीत घेतला.

हॉर्नरसाहेबांनी टोपी काढली. "एझ्रा, तुला आम्ही ओळखलंच नाही रे! मासा लागला की लोक कोंबड्यासारखे आरवतात. तू भरल्या डोळ्यांनी नदीकडे बघितलंस. जागा तुझी!"

माझ्या पोटातून जी आरोळी उठली, तिला कवळ्या काय अडवणार! मिठी न सोडता दोघी बाहेर पडल्या, हॉर्नरसाहेबांच्या खांद्यावरून गेल्या आणि डुबुक्!

दातांवाचूनही बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. मग मी त्यांना मेणाचं सांगितलं, कवळीचं सांगितलं, कवळी करणाऱ्याच्या मेव्हण्याचं सांगितलं...

"शब्द देऊन बसलो," हॉर्नरसाहेब डोळे मिटून म्हणाले. "आता परत कसा घेऊ?"

तर मंडळी, मी आता रीतसर सभासद आहे. नदीवर माझी हक्काची जागासुद्धा नेमून दिली आहे: थेट धबधब्याखाली. तिथं मासा औषधालाही नाही. पण पाण्याचा गडगडाट असा, की बाकीच्यांना निवांत गळ टाकता येतो!