‘वट’साठी तीन सह्या

शब्दकोशाच्या ऑफिसात बावीस वर्षं दुसऱ्यांच्या शब्दांची प्रुफं तपासून कोशकाका विटले होते. सोमवारी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "या आवृत्तीत माझा एक शब्द जाणार म्हणजे जाणार! 'वट'!"

शुक्रवारी छपाई. ऑफिसचा नियम असा, की बोलीतला नवा शब्द घ्यायचा तर उगम हवा, अर्थ हवा आणि 'शब्द असाच वापरतात' याची साक्ष म्हणून उदाहरणाखाली तीन माणसांच्या सह्या हव्यात.

उगमाने तीन दिवस खाल्ले. बँकेतला कॅशियर म्हणाला, "चेक वटतो ना? तसा ज्याचा शब्द वटतो, त्याची वट!" न्हावी म्हणाला, "छे हो! वट म्हणजे वड. ज्याच्या सावलीला चार माणसं बसतात, त्याची वट!" काकांनी दोन्ही लिहून पुढे 'नक्की माहीत नाही' असं ठोकून दिलं. अर्थ सोपा होता: मान, दबदबा, शब्दाला किंमत.

राहिलं उदाहरण. गुरुवारी घाईघाईत पहिलं सुचलं ते काकांनी कार्डावर लिहिलं: 'साहेबांची ऑफिसात काडीची वट नाही.' खाली 'सह्या' असं लिहून कार्ड शिपायाकडे दिलं.

तासाभराने शिपाई घामाघूम होऊन परतला. "काका, एक्केचाळीस झाल्या! पुरवण्या जोडाव्या लागल्या! तुम्ही पुढाकार घेतलात, फार बरं केलंत!"

"अरे, पुढाकार कसला? कार्ड कुठंय?"

"साहेबांना देऊन आलो की! निवेदन त्यांनाच द्यायचं ना?"

काका ताडकन उठले. शब्द तर गेलाच, आता नोकरीही! पण माघार घेतील तर ते कोशकाका कसले? ते तडक केबिनमध्ये शिरले.

"साहेब, ते निवेदन नाही, उदाहरण आहे!"

साहेबांनी एकेक सही निरखून पाहिली. "शब्द रूढ आहे, यात शंकाच नाही. छापू. फक्त उदाहरण बदला." आणि त्यांनी लाल शाईने लिहिलं: 'कोशकाकांची घरात काडीची वट नाही.' "सह्या मात्र माहीतगार माणसांच्याच आणा!"

काकांनी कार्ड उचललं. शब्दासाठी वाट्टेल ते! रस्ताभर त्यांनी घरच्यांना पटवायचं भाषण पाठ केलं. घरी पोचून "भाषेच्या सेवेसाठी..." एवढं म्हणेपर्यंत बायकोने सही केलीसुद्धा! आईने चष्माही शोधला नाही. "वाचून दाखव," म्हणाली आणि ऐकताच पेन मागितलं.

तिसरी सही करून मुलगी दारातून ओरडली, "बाबा, तीनच चालतात का? शेजारच्या काकू विचारतायत!"