चिक्कीच्या पेटीतलं युरेनियम

शनिवारी संध्याकाळी पाच वाजता हिराने टेबलाखालचा पत्र्याचा डबा उघडला, तर तिचं सगळं फिजिक्स गायब.

"भाभी, हितल्या चिट्ट्या कुटं गेल्या?"

"पेट्यांत गेल्या. आणखी कुठे जाणार?" दुकानाच्या मालकीणबाई, ताजुन्निसा, गल्ल्यावरून म्हणाल्या. "दुपारी सहलीच्या बस आल्या, पुण्याच्या, नाशिकच्या, कल्याणच्या. माझ्या चिठ्ठ्या संपल्या, तुझा डबा भरलेला. घातल्या तेवढ्या. का गं?"

हिरा गुळाच्या ढेपेवर मटकन बसली. "परवा परीक्षा हाय माजी."

"मग?"

"मागच्या बाजूला माजा अभ्यास व्हता."

लोणावळ्याच्या बाजारात नसीरभाईंचं हे चिक्कीचं दुकान. तिथे प्रत्येक पेटीत झाकणाखाली एक चिठ्ठी घालायची पद्धत. एका बाजूला छापलेलं असायचं: चिक्कीचा प्रकार, आत काय काय घातलंय, आणि खाली फोन नंबरासकट ठळक अक्षरात, 'तक्रार असेल तर फोन करा. लाजू नका.' ही ओळ नसीरभाईंची. चिठ्ठीची पाठ कोरी.

जवळच्या भाजे गावाहून रोज येणारी हिरा पेट्या भरायची. तिने रेल्वेच्या भरतीचा अर्ज केला होता. रुळावर काम करायला हातात पहार लागते, पाठीत दम लागतो. परीक्षेत विचारतात काय, तर युरेनियम. ज्याने हा अभ्यासक्रम ठरवला त्याला एक उन्हाळा गुळाच्या कढईसमोर उभा करायला हवा. पण ते राहू दे. मुद्दा हा की वयाच्या अटीत हिरा यंदा शेवटच्या वेळी बसत होती. पुढच्या वर्षी ती सरकारच्या हिशेबाने म्हातारी.

पॅकिंगच्या टेबलावर पुस्तकाला बंदी, मोबाइलला बंदी. मोबाइलवरचा सर तसाही इतक्या वेगाने बोलायचा की वेगाचाच धडा वेगामुळे कळायचा नाही. म्हणून हिराने नणंदेच्या मुलीचं पुस्तक महिनाभर घरी आणलं आणि चिठ्ठ्यांच्या पाठीवर आपल्या भाषेत सगळं उतरवून काढलं. गती, बल, उष्णता, प्रकाश, वीज, अणू. एक पेटी भरायची, एक चिठ्ठी वाचायची. पुस्तक परत गेलं होतं. चिठ्ठ्या आता पुणे, नाशिक, कल्याण अशा गेल्या होत्या.

रविवारी सकाळी साडेनऊला पहिला फोन आला. नसीरभाईंनी उचलला.

"तुमच्या शेंगदाणा चिक्कीत युरेनियम किती आहे?"

नसीरभाई तीस वर्षं या धंद्यात होते. केस निघाला, खडा निघाला, एकदा कवळीचा दात अडकला, ते सगळं त्यांनी निस्तरलं होतं. हे नवीन होतं.

"कितीची पेटी आहे?" त्यांनी विचारलं.

"अर्धा किलोची. यात लिहिलंय, युरेनियमवर न्यूट्रॉन आदळला की तो फुटतो, त्यातून आणखी न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे फोडतात, आवरलं नाही तर स्फोट."

"साहेब, आमच्याकडे फक्त शेंगदाणे फोडतात."

"मुलांनी दोन-दोन तुकडे खाल्लेत!"

"मग त्यांना जरा पळू देऊ नका," नसीरभाई म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फोन ठेवतात तोच एक गृहस्थ पेटी घेऊन दुकानात शिरले. गाडी रस्त्याच्या मधोमध लावलेली. शनिवार-रविवार आमच्या गावात येणाऱ्यांना रस्ता आपल्या मामाचाच वाटतो. मागून हॉर्न वाजत होते, पण यांना न्याय हवा होता.

"तुमचीच चिठ्ठी म्हणते की पेटीवर वजन चुकीचं छापलंय. हे बघा. 'वजन ग्रॅममध्ये सांगणारा चुकला.'"

नसीरभाईंनी पेटी काट्यावर ठेवली. "पाचशे. बरोबर तर आहे."

"ते वस्तुमान. वजन सांगा!"

"भाऊ, काटा एकच आहे."

शेवटी हिराला हाक गेली. तेलकट हात पुसत ती पुढे आली. "पाचशे ग्रॅम म्हंजी वस्तुमान. ते चंद्रावर पन तेवढंच. वजन म्हंजी पृथ्वी त्याला किती जोरानं वढती ते. ह्ये झालं चार पूर्णांक नऊ न्यूटन."

गृहस्थांनी मनात गणित केलं. "म्हणजे पाचच्या जागी चार पूर्णांक नऊ दिलंत?"

"तसं न्हाई ओ..."

"वर टाक एक तुकडा," नसीरभाई म्हणाले. तुकडा टाकला. कोणाचं काय भरून निघालं ते कोणालाच कळलं नाही, पण माणूस गेला.

फोन पुन्हा वाजला. नसीरभाईंनी तो हिराच्या हातात ठेवला. "हा आता तुझ्याकडे ठेव. घरी ने, कुठेही ने. मी गूळवाला आहे."

"ओ नसीरभाई, उद्या परीक्षा हाय. आज मी काय वाचू?"

"तू लिहिलंयस, तूच निस्तर."

मग दिवसभर हिरा एका हाताने पेट्या भरत होती आणि दुसऱ्या हाताने विश्व सांभाळत होती.

"कोणीतरी धमकी दिलीय," एक पुरुष कुजबुजत म्हणाला. "'तुमी मला ढकललं तर मीबी तुमाला तेवढ्याच जोरानं उलटी ढकलीन.' नाव नाही, काही नाही. माझ्या सासरचे लोक तिथे आले होते का?"

"आवं, त्यो न्यूटनचा तिसरा नियम हाय."

"म्हणजे पहिले दोन पण येणार?"

एका बाईंना घर्षणाची चिठ्ठी मिळाली होती. "घर्षण नसेल तर माणसाला चालता येणार नाही, हे शुगरवाल्यांसाठी आहे का?"

"न्हाई ताई, समद्यांसाठी हाय."

दुपारनंतर एक शांत आवाज आला. "ताई, तुम्ही लिहिलंय, ग्राफाइट न्यूट्रॉन गिळतं. मी वीस वर्षं अणुवीज केंद्रात होतो. ग्राफाइट फक्त त्यांचा वेग कमी करतं. गिळतात ते बोरॉन, कॅडमियमचे दांडे."

हिराने हातातलं झाकण उलटं करून त्यावर लिहून घेतलं. "पन वेग कमी झाला की काम थांबंल की!"

"उलट. हळू न्यूट्रॉननेच युरेनियम जास्त फुटतं."

"ह्ये लय उलटं हाय, आबा."

"मलाही पहिली तीन वर्षं तसंच वाटायचं."

संध्याकाळपर्यंत हिराचा घसा बसला. डोक्यात काय शिल्लक होतं ते तिला सांगता येत नव्हतं. न्यूटन, नाशिक, ओहम, कल्याण, सगळं एकत्र कालवलेलं. ताजुन्निसाने तिला आलं घातलेला चहा दिला. "माझ्यामुळे झालं गं."

"तुमच्यामुळं न्हाई, भाभी. त्याच डब्यात ठिवायची अक्कल माजी."

सोमवारी पुण्यातल्या परीक्षा केंद्रावर तिने स्वतःचा आणि दुकानाचा, दोन्ही फोन पिशवीत घालून बाहेर जमा केले आणि संगणकासमोर बसली. ग्राफाइटचा प्रश्न आला. तिने आबांना मनातल्या मनात हात जोडले. वजन आलं, न्यूटन आला. मग हा आला: वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्याचं त्वरण किती? शून्य, की नऊ पूर्णांक आठ?

याची चिठ्ठी केली होती, हे नक्की. काय लिहिलं होतं ते काही केल्या आठवेना. याचा फोनच आला नव्हता. कोण मेला चिठ्ठी न वाचता चिक्की खाऊन मोकळा झाला होता! घड्याळ पळत होतं, चुकलं तर गुण कापणार होते. हिराने डोळे मिटले. दुकानात ती पेट्या माळ्यावर फेकायची तसं मनाशी एक पेटी फेकली. पेटी वर गेली, क्षणभर थांबली. मग तिथेच का राहत नाही? वढणारी पृथ्वी वढतीच आहे, ती काय सुट्टीवर गेलीय? तिने नऊ पूर्णांक आठ दाबलं.

फाटकाबाहेर तिने पिशवी घेतली तर दुकानाचा फोन वाजतच होता.

"रेणुका टीचर बोलतेय, नाशिकहून. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. माझ्या पेटीत लिहिलंय, वर गेलेल्या चेंडूचं सर्वांत उंच जागी त्वरण शून्य."

हिराने फोन कानाला घट्ट दाबला. "शून्य? माज्याच हातानं लिवलंय?"

"शून्य. खाली दोन रेघाही मारल्यात."

"बाई, मी आत्ता नऊ पूर्णांक आठ दाबून आले वो!" तिचा आवाज फाटला. "माजा शेवटचा चान्स व्हता."

"अहो, रडताय काय? मी ग्राहक मंचात वगैरे जाणार नाही. पण तक्रार मी करणारच. चिक्की उत्तम आहे, भौतिकशास्त्र भिकार आहे. शून्य होतो तो वेग! त्वरण नऊ पूर्णांक आठच. तुमची चिठ्ठी धडधडीत चूक आहे. ऐकताय ना?"

हिरा फाटकाला टेकली. तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

"ऐकती, बाई. तुमची तक्रार लय बरोबर हाय," ती म्हणाली. "पुन्ना एकदा करा. जरा मोठ्यानं करा."